राघूबुवांचा फोटो आणि बिनकडीचं दार

फ्रेमवाल्यांना देव आधी पाठीकडून दिसतो. गिऱ्हाईक तसबीर काउंटरवर ठेवून हात जोडतं, आणि मी ती पालथी घालून खिळे तपासते. मिरजेत आमचं फ्रेमांचं दुकान आहे. सासऱ्यांनी घातलं, आमच्या ह्यांनी वाढवलं आणि आता मी एकटी चालवते. इतक्या वर्षांत संत, महाराज, पीर, समाजसुधारक, कुणाकुणाची पाठ पाहिली त्याची गणती नाही. पुढून सगळे तेजस्वी असतात. मागून मात्र ओल, झुरळाची अंडी आणि लग्नपत्रिकेचा पुठ्ठा.

दिवाळीत दामूभाऊ दुकानात आले. ते लोणावळ्याचे. रेल्वेत गँगमन होते, उभा जन्म घाटातले रूळ सांभाळण्यात गेला. त्यांची मुलगी मिरजेत दिलेली, तिच्याकडे आले होते. त्यांनी मोबाइलवर एक तसबीर दाखवली. काच तडकलेली, कोपरा उघडा पडलेला.

"आमच्या गावचे राघूबुवा हायेत, ताई. आंदर मावळात करंजवाडी म्हनून गाव हाय आमचं. गावानं नवा हॉल बांधलाय. तितं भितीवर कायमचा बसवायचाय फोटो. तुमी सामान घिऊन याल का? तितल्या तितं फ्रेम करून द्यायची."

मी हो म्हणून टाकलं. माझी लेक म्हणाली, "आई, माप व्हॉट्सॲपवर मागवता येतं." मी म्हटलं, "माप मागवता येतं, लोणावळा मागवता येत नाही." कोल्हापूरपलीकडे न गेलेल्या बाईला एवढं निमित्त पुरतं. हत्यारांची पिशवी, सागवानी जाड पट्ट्यांचा सहा फुटी भारा आणि वाटेत खायला भडंग घेऊन मी मार्गशीर्षात निघाले. पुण्याच्या फलाटावर त्या भाऱ्याने तिघांना टोचलं. तिघांचंही बोलणं मी ऐकून घेतलं, कारण चूक माझी होती.

लोणावळा

दामूभाऊंचं घर स्टेशनाच्या मागच्या अंगाला आहे. पहाटे दार उघडलं तर समोरचं झाड दिसेना, इतकं धुकं. आमच्याकडे थंडी म्हणजे सकाळी जरा शाल घ्यायची. इथली थंडी हाडांची चौकशी करते. वहिनींनी गवती चहा घातलेला चहा दिला आणि तो संपायच्या आत दुसरा कप पुढे केला.

दिवस मोकळा होता म्हणून दामूभाऊ मला भुशीला घेऊन गेले. पावसाळ्यात इथे पाय ठेवायला जागा नसते म्हणे. आता धरणाच्या पायऱ्या कोरड्या ठणठणीत होत्या आणि एक बाई त्यांवर गोधडी वाळत घालत होती. मला तेच आवडलं. गर्दीतलं ठिकाण गर्दी नसताना पाहावं, म्हणजे ते आपल्याशी बोलतं.

येताना चिक्कीच्या दुकानात शिरलो. मागच्या खोलीत गुळाचा पाक कढईत फसफसत होता. एक माणूस त्यात शेंगदाणे लोटून तो गोळा ओट्यावर पसरत होता आणि दुसरा लाटण्याने सपाट करत होता. हात असे भराभर चालत होते की मी दहा मिनिटं तोंड उघडं टाकून बघत राहिले. त्या तोंडात मालकाने गरम चिक्कीचा तुकडा ठेवायला दिला. दाढेचं फिलिंग डगमगलं, पण तक्रार नाही.

आणि तिथे शटरच्या कुलपाच्या बरोबर वर, खिळ्याला, राघूबुवा!

छापील चित्र होतं. पांढरी दाढी, डोक्यामागे सोनेरी वलय, उजव्या कानावर पिवळी काडी, आणि मागे पितळी खिळे ठोकलेलं भरभक्कम बंद दार. फ्रेम थर्मोकोलची. माझ्या कपाळाला आठी पडली ती थर्मोकोलमुळे, पण मालकाला वाटलं मी बुवांना ओळखलं नाही.

"आमच्या मावळचे आहेत," तो कौतुकाने म्हणाला. "यांचा फोटो कुलपावर असला की चोर हात लावत नाही. आजोबांपासून आहे."

"कानावर काय आहे ते?"

"लेखणी. मोठे विद्वान होते बुवा. ग्रंथ लिहिलेत त्यांनी."

शेजारी उभे असलेले दामूभाऊ खोकले. बाहेर आल्यावर म्हणाले, "बुवांला सही येत नव्हती, ताई. आंगठा करायचे."

खंडाळा

दुसऱ्या दिवशी दामूभाऊंच्या ओळखीचा बबन त्याची गाडी घेऊन आला. त्याला खंडाळ्यात एका बंगल्यावर सामान पोचवायचं होतं आणि मग तोच आम्हाला आंदर मावळात सोडणार होता. त्याच्या गाडीत स्टिअरिंगसमोर बुवांचं स्टिकर होतं. दाढी आणखी लांब, वलय आणखी मोठं. मी मुद्दाम विचारलं, कानावर काय आहे.

"बिडी," बबन म्हणाला. "आपल्यातलेच होते ना बुवा. रानात गुरं वळायचे. म्हनून तर डायवर लोक मानतात."

बंगल्याच्या फाटकाशी वॉचमनची केबिन होती. आत कॅमेऱ्यांचा पडदा आणि पडद्याच्या डोक्यावर पुन्हा राघूबुवा. या खेपेला मागच्या दाराला छापणाऱ्याने भलंमोठं कुलूपही काढलं होतं. वॉचमन म्हणाला, बुवा राखणदार आहेत, त्यांच्या कानावर तीर आहे. दोन दिवसांत लेखणी, बिडी आणि तीर झाला होता. माझ्या दुकानात असं कुणी विचारलं असतं तर मी तिन्ही बरोबर म्हटलं असतं, गिऱ्हाईक मोडू नये म्हणून.

दरीच्या कठड्याशी गाडी थांबवली. खाली रेल्वेचा बोगदा, त्यातून निघणारी मालगाडी, पलीकडे डोंगरांच्या रांगा. दामूभाऊ बोट दाखवून सांगत होते, कुठे दरड कोसळली होती, कुठे ते सोळा तास उभे होते. मी इतकी रंगून ऐकत होते की पिशवीतलं भडंग माकडाने कधी उचललं ते कळलंच नाही. कठड्यावर बसून त्याने ते नीट फोडलं, शेंगदाणे खाल्ले आणि लसणाची कळी तोंडात गेल्यावर माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याला फसवलं. बबन हसून हसून स्टिअरिंगवर पडला.

करंजवाडी

कान्हे फाट्यावरून आत वळलं की मोठ्या रस्त्याचा आवाज मागे राहतो. टाकव्याच्या पुढे तर डोंगर दोन्हीकडून जवळ येतात. भातं कापून झाली होती. खाचरांत खुंटं, खळ्यांवर पेंढ्यांच्या उडव्या, आणि सगळीकडे नव्या तांदळाचा वास. आमच्याकडे या दिवसांत ऊस, ट्रॅक्टर आणि धूळ. इथे वाऱ्यावर भाताचा वास येतो आणि भूक लागलेली नसताना भूक लागते.

शेवटचा चढ गाडीला जमेना, म्हणून बबन गाडी घेऊन खालीच मुक्कामाला राहिला. पट्ट्यांचा भारा दामूभाऊंनी खांद्यावर घेतला, हत्यारं मी घेतली, आणि पाऊण तास चालत वर गेलो. वाटेत पाचदा बसले. पाचही वेळा मी देखावा बघायला बसले असं सांगितलं.

फोटो होता बाबूलालभाऊ मुलाण्यांच्या घरी. दारात त्यांच्या पत्नी जैनूवहिनी सुपात तांदूळ पाखडत होत्या. आम्हाला बघून नुसतं "या" म्हणाल्या आणि सरकल्या. मी चप्पल काढताना दाराकडे पाहिलं, माझी ती खोड आहे. दाराला कडी नव्हती. कडीच्या जागी दोन भोकं होती आणि त्यांत मुंग्या नांदत होत्या.

आत माजघरात पाटावर बुवा. अस्सल चित्र, कुणा पाट्या रंगवणाऱ्याने तेलरंगात काढलेलं. वलय नाही. दाढी जेमतेम बोटभर. कानावर पिवळी काडी होतीच. आणि मागे दार नव्हतंच! नुसती चौकट आणि चौकटीतून दिसणारा डोंगर. भोवती चार मुली वह्या पसरून बसल्या होत्या, एक म्हातारबा भिंतीला टेकून डुलक्या घेत होते, आणि बुवांच्या पायाशी हार घातलेल्या पाटावर वायफायचं यंत्र लुकलुकत होतं.

मी पाटापुढे मांडी घालून तसबीर पालथी घातली. पाठीला, सुतळीने बांधलेली, दाराची लोखंडी कडी.

"ती आमच्या दाराची," बाबूलालभाऊ म्हणाले. शांत माणूस, बोलताना हातातला विळा पुसत राहणारा. "ज्याच्या घरी फोटो, त्याच्या दाराची कडी फोटोला बांदायची. वरीसभर दार उघडं. कुनीबी यावं, बसावं, न्हाई म्हनायचं न्हाई. बुवांच्या टायमाला काई लोकांला घरात घेत नसायचे, म्हाईत हाय न्हवं तुमाला? कुनाला वसरीवर बी चढू देत नसायचे. बुवा म्हनले, दार लावून देवाला निवद दावू नका. मंग गावानं ठरिवलं, दर वर्साला एक घर बिनकडीचं. आज्याच्या टायमाला फोटोच्या घरी पानी मिळायचं, कुनालाबी. बाच्या टायमाला साळा नव्हती, तर फोटोच्या घरीच साळा भरायची."

"आणि आता?"

"आता वायफाय," जैनूवहिनी बाहेरून म्हणाल्या. "त्याला पासवर्ड ठिवायचा न्हाई, पोरी म्हनल्या. ती बी कडीच झाली ना."

मला इतका आनंद झाला की मी हातातली पक्कड खाली ठेवली. चोरीबिरी होत नाही का, असं विचारलं. बाबूलालभाऊ बराच विचार करून म्हणाले, आईच्या वेळेला एक कोंबडी गेली होती, पण ती मुंगसाने नेली.

"आणि कानावरची काडी?"

भिंतीला टेकलेले म्हातारबा डोळे न उघडता म्हणाले, "पोस्टमनची पेन्शील."

झालं होतं असं. बुवा गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी गावाने रंगारी बोलावला. बुवांचा चेहरा कसा होता यावर गावात दोन दिवस भांडण झालं. एक म्हणे लांबट, एक म्हणे गोल. रंगारी कंटाळला. तेवढ्यात टपाल घेऊन पोस्टमन आला. कुणीतरी म्हणालं, ह्यालाच बसवा, सगळ्यांच्या दारात जाणारा गावात हा एकच माणूस आहे. पोस्टमनला स्टुलावर बसवलं, टोपी काढली, दाढी रंगाऱ्याने पदरची घातली, पण कानावरची पेन्सिल काढायची कुणाला आठवण झाली नाही. रंगाऱ्याने दिसलं ते काढलं. लोणावळ्याची लेखणी, बबनची बिडी आणि वॉचमनचा तीर, सगळे त्या पेन्सिलीचे वंशज. खाली छापणाऱ्यांना चौकटीला दार नसणं अपुरं वाटलं असणार. त्यांनी दार दिलं, मग खिळे दिले, मग कुलूप. ज्या बाबाने कडी काढायला लावली, तोच कुलपांचा राखणदार झाला! मी हसत होते, आणि हसता हसता जरा वाईटही वाटलं.

दुपारी जैनूवहिनींनी तांदळाच्या भाकरी थापल्या. ज्वारीची भाकरी मी झोपेतही करीन, पण ही माझ्याकडून तव्यावर फाटली आणि मुली फिदीफिदी हसल्या. पावट्याची आमटी, मिरचीचा ठेचा आणि नव्या तांदळाचा भात. मी तीनदा वाढून घेतलं. कुणाच्या घरी पहिल्या दिवशी मी कधी असं केलं नव्हतं.

वरचं घर

जेवल्यावर दामूभाऊ मला वर घेऊन गेले. वाडीच्या माथ्यावर शेवटचं घर चांगुणामावशींचं. पासष्टीच्या असतील. काटकुळ्या, कपाळावर गोंदण, आणि जिभेला धार. त्या अंगण सारवत होत्या. सगळं घर सारवून झालं होतं, भिंतींना नवा चुना होता, ओट्यावर चार नवी गोणपाटं अंथरली होती.

"ही कोन? फ्रेमवाली? तुझ्या फ्रेमीनंच माझा घात क्येला बघ," मावशी मला पहिल्याच वाक्यात म्हणाल्या.

मी दामूभाऊंकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. मग त्यांच्याकडून कळलं. फोटो खालच्या घरापासून वर वर चढतो. गावात एकेचाळीस घरं. मागच्या फेरीत तो मावशींच्या घरी यायचा तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. आणि त्याच आठवड्यात सासू गेली. सुतकाचं घर म्हणून फोटो पुढे गेला. तेव्हापासून मावशी वाट बघत होत्या. नवरा गेला, मुलगा तळेगावला कारखान्यात लागला, तिथेच राहतो, आई चल म्हणतो. मावशी म्हणायच्या, फोटो येऊन जाऊ दे, मग बघू. परवाच्या दशमीला तो यायचा होता. आणि गावाने हॉल बांधला.

"मला बुवांकडं काई मागायचं न्हाई," मावशी म्हणाल्या. त्या पुन्हा सारवायला बसल्या होत्या, म्हणून तोंड दिसत नव्हतं. "फोटोच्या घरी मानूस असतंय, येवढंच. पोरी येत्यात, म्हातारी येत्यात, भांडायला तरी कुनी येतंय. हितं दिवस मावळला का मी नि मांजर. मांजर बी आता खालीच जातंय, मुलान्याकडं."

मी त्यांच्याजवळ बसले. माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी मी टीव्हीचा आवाज मोठा का ठेवते, ते मला तिथे लख्ख कळलं. मी शेणाचा बोळा उचलला आणि कोपरा सारवायला लागले. मावशींनी तो माझ्याकडून काढून घेतला. "असं न्हाई सारवत, बाई. तू फ्रेमाच कर."

सभा

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलमध्ये सभा भरली. हॉल खरंच देखणा होता. खाली बंगला असलेल्या कुणा सज्जनाने फरश्या दिल्या होत्या, सरकतं लोखंडी ग्रील होतं, त्याला कडी, कडीला कुलूप. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत, माइक, दोन मोठे स्पीकर, पाण्याचा फिल्टर. समोरच्या भिंतीत बुवांसाठी कोनाडा.

गावचे पुढारी आप्पा. मी त्यांना मनातून खलनायक करून ठेवलं होतं, पण माणूस सरळ निघाला. ते म्हणाले, "आमी कुनाचा हक्क मारत न्हाई. पन गेल्या साली डोक्यावरनं नेताना काच तडाकली. रंगाचे पापुद्रे उडायला लागलेत. बुवांचा असा एकच फोटो हाय. तो मोडला तर म्होरच्या पोरांनी काय बगायचं? खालचे कुलपावाले बुवा?"

मग आप्पांनी नेमकं मलाच विचारलं, "ताई, तुमी कारागीर. खरं सांगा. ह्यो असाच फिरत राह्यला तर टिकंल का?"

मावशी ग्रीलजवळ, बायकांच्या मागे बसल्या होत्या. मला खोटं बोलावंसं फार वाटलं. पण धंद्यात काही बाबतीत खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "नाही टिकणार. काच जड आहे, फ्रेम सुटलीय. पुढच्या ठेचेला काच चित्रात घुसेल."

सभेत हं हं झालं. आप्पांनी मान डोलावली. "मंग ठरलं?"

ठरलंच होतं. माणसं उठायला लागली. मी खाली बघत होते. तेव्हा मागून आवाज आला.

"ठरलं. ठिवा फोटो हॉलात." चांगुणामावशी उठून उभ्या होत्या. पदर खोचलेला. "माझी काई हरकत न्हाई. हॉल म्हंजी बेचाळिसावं घर. पन आप्पा, मंग हॉलाची कडी काडा आदी."

मग बाबूलालभाऊ उभे राहिले, तितकेच शांत. "व्हय आप्पा. कडी हातात पडल्याबिगार मला फोटो देता यायचा न्हाई. पद्धत हाय."

आप्पांनी ग्रीलकडे पाहिलं. मग खुर्च्यांकडे. मग माइककडे, स्पीकरकडे, फिल्टरकडे. एकेका वस्तूबरोबर त्यांचा चेहरा कसा कसा उतरत गेला ते अख्खं गाव बघत होतं.

"वरीसभर उघडा?" ते म्हणाले.

"वरीसभर कशाला? फोटो कायमचा ना? मंग कायमचा," मावशी म्हणाल्या.

कुणीतरी मागे फसकन हसलं. मग मुली हसल्या, म्हातारबा हसले, आणि हॉल नवा असल्यामुळे तो हशा असा घुमला की बाहेरची गुरं वळून बघायला लागली. आप्पांनी थोडा वेळ धीर धरला. मग तेही कपाळावर हात मारून हसायला लागले. "मावशे, तू मला पार गुंडाळून ठिवलंस की गं!"

"गुंडाळायला तू काय लहान हायेस व्हय?"

"आरं पन काचंचं काय?" आप्पा डोळे पुसत म्हणाले. "त्ये तर खरंच हाय ना?"

आता मात्र माझी जीभ सुटली. मी म्हटलं, फिरणाऱ्या फोटोला भिंतीवरच्यासारखी जड काच लावलीत, म्हणून तो टिकत नाही. काच काढू, ॲक्रिलिक बसवू, ते तडकत नाही. रंगाला भिडू नये म्हणून आतून बारीक पट्टी देऊ. जुनी फ्रेम हलकी आहे, तीच जोडून घेऊ. आणि दोन्ही बाजूंना धरायला मुठी लावू, म्हणजे डोक्यावर न घेता दोघांनी मधे धरून नेता येईल. "एवढी वर्षं हे कुणाला सुचलं कसं नाही?" असंही मी म्हटलं. दामूभाऊंनी हळूच सांगितलं की मलाही ते आत्ताच सुचलंय, हे माझ्या तोंडावर दिसतंय.

बबन ॲक्रिलिक आणायला वडगावला पळाला. मुठी मिळेनात, तेव्हा जैनूवहिनींनी माहेरून आलेल्या ट्रंकेच्या दोन्ही कड्या उचकटून दिल्या. "ट्रंक हितंच राह्यची आता, कुटं जायचीय?" म्हणाल्या. माझा सागवानी भारा वाया गेला, म्हणजे अगदीच गेला नाही. आप्पांनी त्या पट्ट्यांत देणगीदारांची यादी बसवून घेतली आणि कोनाड्यात ठेवली.

दशमी

दशमीला दुपारी फोटो निघाला. एक ढोलकी, चार टाळ आणि सगळं गाव. बाबूलालभाऊंची कडी सोडून त्यांच्या हातात दिली, तेव्हा ते दारातल्या भोकांकडे बघत म्हणाले, मुंग्यांची सोय बघितली पाहिजे. वाट चढणीची होती. एका बाजूची मूठ आप्पांनी धरली, दुसरी कुणाला द्यायची यावर जरा ओढाताण झाली, आणि शेवटी बायकांनी ती माझ्या हातात दिली. मी आयुष्यभर फोटोंना फ्रेमा घातल्या, पण एखादा फोटो हातात धरून मिरवणुकीत कधी चालले नव्हते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मावशींच्या दारात एक घोटाळा झाला. कडी निघेना. इतक्या वर्षांचा गंज, आणि दार जुन्या सागाचं. मावशींनी ओढलं, बाबूलालभाऊंनी रॉकेल सोडलं, मी पक्कड लावली तर पक्कडच घसरली. गाव उन्हात ताटकळलं. बुवा अंगणात पाटावर बसून बघत होते. शेवटी आप्पांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, माझी हातोडी घेतली आणि असा घाव घातला की कडी, कोयंडा आणि दाराचा टवका, तिन्ही एकदम अंगणात पडले.

"दार फोडलंस माझं!" मावशी ओरडल्या. आणि टाळ वाजायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं होतं, म्हणून निरोप घ्यायला मी वर गेले. अंगणात चपलांचा ढीग. आत बघते तर माजघरात मुली वह्या घेऊन, म्हातारबा भिंतीला टेकून, दोन बाया पावटे सोलत, एक तान्हं बाळ झोळीत, आणि खाली मुलाण्यांकडे गेलेलं मांजर परत चुलीजवळ. वायफायसाठी बबनही चढून आला होता. मला चहा कुणी दिला ते आठवत नाही, पण तो मावशींनी दिला नव्हता. त्या दिसतच नव्हत्या.

मागून आवाज आला. मावशी डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी घरावर एकदा नजर फिरवली, कुठे पाय ठेवायलाही जागा नव्हती. कमरेवर हात ठेवून त्या कडाडल्या.

"सरका गं बायांनो जरा! मला माझ्या घरात येऊ तरी द्या!"